पेटीवाला थांबतो का?

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. दिवसा तो एका कंपनीत कोडिंग करतो आणि रात्री स्वतःचा गेम बनवतो. गेममध्ये एक मांजर आहे, मुसळधार पाऊस आहे आणि चाळींचे पत्रे आहेत. पत्र्यावरून पत्र्यावर उड्या मारत तिला घरी पोचायचंय. बस, एवढंच.

"संगीत तू कर. पैसे नाहीत, पण क्रेडिट्समध्ये नाव मोठं टाकतो," तो म्हणाला.

मी लगेच हो म्हटलं. मी जाहिरातींसाठी जिंगल्स करते. तीस सेकंदांत ऐकणाऱ्याची मान वळवायची, हे माझं काम. एका मांजरीचं काय ते अवघड?

पंधरा दिवसांत दीड मिनिटाचा ट्रॅक पाठवला. व्हायोलिन, बासरी, मध्येच ढोल. मित्राचा मेसेज आला: "चाल भारी आहे. पण तिसऱ्या लेव्हलला वीस मिनिटं अडकलो आणि शेवटी आवाज बंद करून टाकला."

मी हिशोब केला. दीड मिनिटाचा लूप वीस मिनिटांत तेरा वेळा वाजतो. तेरा वेळा तोच ढोल. शिवाय मांजर पडली की ट्रॅक पहिल्यापासून सुरू व्हायचा, त्यामुळे सुरुवातीची बासरी त्याने शंभरेक वेळा ऐकली असेल. मान वळवणारी गोष्ट शंभर वेळा झाली की मान दुखायला लागते.

मग मी 'इन्स्पिरेशन' शोधायला लागले. म्हणजे हेडफोन लावून इतरांचे गेम्स ऐकत बसले. 1978 सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये फक्त चार उतरते सूर आहेत. शत्रू खाली येत जातात तसे ते सूर भरभर वाजू लागतात आणि आपली छाती धडधडायला लागते. 'माइनक्राफ्ट'मध्ये उलट आहे. 'सी फोर एटीन' या नावाने संगीत करणाऱ्या जर्मन कलाकाराचा पियानो हळूच येतो, निघून जातो आणि मग बराच वेळ काहीच वाजत नाही. दोन्ही ऐकून मी थक्क झाले. दोन्हींसारखं करून पाहिलं. ते चांगलं वाजायचं, पण आमच्या मांजरीचं वाटायचं नाही. ऑक्टोबरपर्यंत अकरा ट्रॅक कचऱ्यात गेले. मित्राने विचारणं बंद केलं होतं, आणि तेच जास्त लागत होतं.

दिवाळीला मिरजेला घरी गेले. मिरज म्हटलं की लोकांना सतारी आणि तंबोरे आठवतात. आमच्या घरी पेटी आहे. बाबा नोकरी सांभाळून आयुष्यभर पेटी वाजवत आले, पण मैफिलीत त्यांचं नाव कुणी कधी ऐकलं नाही. ते लेहरा धरतात. तबल्याचं एकल वादन चालू असतं तेव्हा शेजारी कुणीतरी सोळा मात्रांची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत असतं ना, तो लेहरा. तबलजी त्या ओळीवर कायदे, रेले, तुकडे वाजवतो, कुठेही भटकून येतो आणि समेवर घरी पोचतो. टाळ्या त्याला. तबल्याच्या परीक्षांच्या दिवसांत बाबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चंद्रकंसातली तीच ओळ वाजवायचे. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. "तुमचे बाबा काय वाजवतात?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "एकच गाणं."

या वेळी पेटीवर कापड होतं आणि कापडावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

"परीक्षा नाहीत का यंदा?" मी विचारलं.

"आहेत की. पण आता मुलं मोबाइल घेऊन येतात. ॲपमध्ये लेहरा लावायचा, लय आकड्यात टाकायची, झालं. बरंय, माझी पाठ वाचली."

पाठ वाचली म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी मांजरीचा गेम दाखवला. बाबांनी फोन हातात धरला, उडी मारली, मांजर पडली. संगीत थांबलं आणि पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा पडली, पुन्हा तेच. चौथ्या वेळी त्यांनी फोन खाली ठेवला.

"अगं, हे थांबतं का मध्ये? तबलजी चुकला म्हणून पेटीवाला थांबतो का?"

मी नुसती बघत राहिले. पाच महिने मी स्वतःला तबलजी समजत होते. पण तबलजी तर खेळणारा होता! उड्या त्याच्या, चुका त्याच्या, समेवर पोचणंही त्याचंच. मी फक्त ओळ धरायची होती.

"मग ॲपमध्ये आणि तुमच्यात फरक काय?" मी विचारलं. प्रश्न जरा क्रूर होता, पण मला खरंच हवा होता.

त्यांनी गठ्ठा उचलला, कापड काढलं. "परीक्षेत पोरगं घाबरलेलं असतं. हात पळायला लागतो. ॲपला ते कळत नाही. मी ऐकत असतो. पोरगं डळमळलं की ओळ साधी करतो आणि समेचा सूर जरा ठळक लावतो, म्हणजे त्याला घर दिसतं. सावरलं की मग थोडी मींडबिंड." पेटीवर मींड निघत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते स्वतःच हसले.

दुसऱ्या दिवशी पंखा बंद करून, कुकर उतरवून आम्ही रेकॉर्डिंग केलं. मी आठ आवर्तनं मागितली होती. ते चाळीस वाजवून थांबले. तीच ओळ, पण एकही आवर्तन दुसऱ्यासारखं नाही. कुठे भात्याचा श्वास लांब, कुठे एक सूर वगळलेला.

पुण्याला परतल्यावर आम्ही सगळं नव्याने बांधलं. चाळीसपैकी बारा आवर्तनं निवडली. गेम ती उलटसुलट क्रमाने वाजवतो, पण बदल नेहमी समेवरच होतो. तंबोरा, पेटी आणि पत्र्यावरचा पाऊस हे तीन थर एकाच वेळी चालू असतात, फक्त आवाज कमीजास्त होतो. मांजर नुसती बसली तर तंबोरा आणि पाऊस. सलग उड्या जमल्या की भरलेली पेटी. चारदा पडली की ओळ साधी होते आणि समेचा सूर ठळक. आणि पडल्यावर काहीही थांबत नाही. मांजर पुढच्या मात्रेवर परत उभी राहते. लय मिनिटाला एकशेवीस मात्रांची, म्हणजे जास्तीत जास्त अर्धा सेकंद थांबायचं.

मित्र तिसऱ्या लेव्हलवर पुन्हा अडकला. या वेळी पंचवीस मिनिटं. आवाज चालू होता.

एक गोष्ट मात्र टोचते. शेवटी मीही बाबांची ओळ फोनमध्येच कोंबली. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी थोडा विचार केला. "ऐकतंय ना ते खेळणाऱ्याचं? मग चालेल," म्हणाले. त्यांना चाललं. मला अजून पूर्ण चाललेलं नाही.

क्रेडिट्सची यादी पाठवली तेव्हा त्यांचा फोन आला. "संगीत या शब्दाखाली माझं नाव नको. मी साथ केलीय."

क्रेडिट्समध्ये 'साथ' असा रकाना नव्हता. मित्राने तो केला. 'संगीत' काढून टाकलं. आता तिथे दोन नावं आहेत, वर बाबांचं आणि खाली माझं.