मागायचं राहिलं

वडिलांसाठी काठी आणली तेव्हा ते ती हातात घ्यायला तयार होईनात. "म्हातारा झालो की बघू," म्हणाले. तेव्हा त्यांना ८८ वं चालू होतं. म्हातारपण नावाचं कुणी पाहुणं आहे, ते अजून यायचंय, आणि आलंच तर दारातून वाटेला लावता येईल, असा एकूण सूर.

ग्रीकांनी या पाहुण्याला नाव दिलं होतं, चेहराही दिला होता. नाव गेरास. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इसवी सनापूर्वी ४८०-४७० च्या सुमाराचं एक अथेन्सचं मातीचं भांडं आहे. त्यावर ग्रीक पुराणांतला दंडाबेटकुळ्यांचा वीर हेराक्लीस, आणि त्याच्यासमोर काठीवर रेललेला गेरास. उघडा, सुरकुतलेला, सगळं काही लोंबू लागलेला. चित्रकाराने त्याची लाजही झाकलेली नाही. आणखीही काही भांड्यांवर ही जोडी दिसते. कुठे हेराक्लीसने त्याच्यावर सोटा उगारलाय. पण त्यांचं भांडण कशावरून झालं, हे सांगणारा एकही ग्रंथ उरलेला नाही. गोष्ट गेली, मारामारी राहिली. लूव्रमधलं भांडं रंगवणाऱ्याचं नावही टिकलं नाही, म्हणून अभ्यासक त्याला 'गेरासचा चित्रकार' म्हणतात. बिचारा अडीच हजार वर्षांनंतर म्हातारपणाच्याच नावाने ओळखला जातोय.

मला त्या सोट्याचं कौतुक नाही. हेराक्लीस म्हातारा झाला नाही हे खरं, पण ते गेरासला बडवून नव्हे. बायकोने अजाणता दिलेल्या विषारी वस्त्राने अंगाची लाही झाली आणि ऐन उमेदीत तो ओएता पर्वतावर चितेवर चढला. मग ऑलिंपसवर त्याचं लग्न लागलं ते हीबीशी, म्हणजे साक्षात तारुण्याशी. आधी मरून मग तरुण राहायचं, याला विजय म्हणायचं तर म्हणा.

हेसिअड या ग्रीक कवीच्या देववंशावळीत गेरास हा रात्रीचा मुलगा. मृत्यू, झोप, स्वप्नं ही त्याची भावंडं. त्या यादीतली एक जागा मात्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. फसवणूक, माया, मग म्हातारपण आणि लगेच कलह, असा तो क्रम आहे. माया आणि कलह यांच्या मधोमध म्हातारपण! घरात म्हातारं माणूस असलेल्या कुणालाही हा क्रम समजावून सांगावा लागणार नाही. सकाळी सात वाजता माया असते, गोळ्यांच्या वेळेपर्यंत कलह.

आणि हा गेरास आपल्याला परका नाही. गेरास आणि संस्कृतातली 'जरा' ही एकाच प्राचीन धातूची लेकरं. आपलं जर्जर, जीर्ण, जुना हे त्याच गोतातलं. इतकंच काय, 'जिरणं'सुद्धा. अन्न पोटात जिरतं तसं माणूस काळात जिरतं, हे भाषेला केव्हाच कळलं होतं.

ग्रीक कवी देवांचं वर्णन करताना दोन शब्द जोडीने वापरतात: अमर आणि अजर. आपण ते जोडून 'अजरामर' केलं आणि मधला सांधा विसरलो. कीर्ती अजरामर, नाटक अजरामर. एकाच शब्दात दोन वेगळी वरदानं आहेत, हे ध्यानातच येत नाही. पहाटेची देवी इऑस हिची चूक नेमकी या सांध्यावर झाली. ट्रॉयच्या राजघराण्यातला तिथोनस तिला आवडला. तिने झ्यूसकडे त्याच्यासाठी अमरपण मागितलं. झ्यूसने मान डोलावली. अजरपण मागायचं राहिलं.

पुढची हकिगत अफ्रोदितीच्या एका प्राचीन स्तोत्रात आहे, आणि ती सांगणाऱ्याने घरातलं म्हातारपण जवळून पाहिलं असणार. पहिले पांढरे केस दिसल्यावर इऑस त्याच्या शय्येपासून दूर झाली, पण घरातच त्याचं सगळं करत राहिली. खाणंपिणं, देवांचं अन्न, चांगले कपडे. पुढे त्याला हातपाय हलवता येईनात. तेव्हा तिने त्याला एका खोलीत ठेवलं आणि लखलखती दारं लावून घेतली. आत त्याचा आवाज अखंड वाहत राहिला. नंतरच्या लोकांना हे सोसलं नसावं. त्यांनी तिथोनसचा कीटक करून टाकला, झाडावर किर्र करणारा. स्तोत्रात कीटक नाही. दार आहे.

एका शब्दापाशी मात्र थोडा दिलासा मिळतो. ग्रीक लोक सापाच्या कातेलाही 'गेरास'च म्हणत. साप म्हातारपण काढून टाकतो, असं ॲरिस्टॉटल अगदी सहज लिहून जातो. आपण एखादं गाव, एखादी संस्था नव्याने उभी राहिली की तिने कात टाकली म्हणतो. टाकून दिलेल्या त्या पातळ, पारदर्शक गोष्टीचं नाव काय, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

काठी अखेर वडिलांनी घेतली. आता ९१ आहेत, खोलीबाहेर फारसे येत नाहीत. दुपारी बोलायला लागतात. सांगलीची शाळा, कुणाची तरी उधारी, विहिरीत पडलेली कळशी. कळशी रोज पडते. आमच्याकडून जेवण वेळेवर, कपडे स्वच्छ, उन्हाळ्यात आमरस. चार वाजता माझी ऑनलाइन मीटिंग असते. मी उठतो, आत डोकावतो, त्यांच्या अंगावरची चादर नीट करतो, आणि बाहेर येताना दार ओढून घेतो. कडी लावत नाही.