दगडफुलाचा वास

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की कानात अत्तराचा फाया ठेवायची आपली रीत. आमच्या सक्करदऱ्याच्या घरी तो मान हिन्याचा. नाव मेंदीचे, पण कुपीत नांदतो तो जवळजवळ सारा मसाल्याचा डबा! कनौजला जुन्या पद्धतीने तांब्याच्या डेगेत नागरमोथा, जटामांसी, लवंग, जायफळ, दगडफूल पाण्यात उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. गुलाब-मोगऱ्याचा अर्क मिळवायचा तो मागाहून. फूल चंचल, घटकेत उडून जाणारे. त्याला धरून ठेवतात ती ही मुळे नि लाकडे.

यातले दगडफूल फूल नव्हेच. झाडाखोडांवर, खडकांवर वाढणारी ती करडी, चुरगळलेली वस्तू. फ्रान्सच्या कोतीने 1917 साली काढलेल्या ‘शीप्र’ या गाजलेल्या अत्तरातही ओकच्या झाडावरचे तिचेच भावंड होते. आमच्याकडे ती सावजी रश्श्यात पडते, हे त्या पॅरिसकरांना कोणी सांगावे!

माझी आत्या ऐन विशीत विधवा होऊन माहेरी आली. गजरा गेला, फायाही गेला. मसाला मात्र तिच्याकडेच राहिला. दिवाळीआधी ती दगडफूल, लवंग, जायफळ मंद आचेवर भाजून खलबत्त्यात कुटी. पुढे चार दिवस तिच्या हातांना, पदराला तो वास असे. हिन्यातून फूल तेवढे वजा करावे, तसा. आम्ही पोरे हुंगत हुंगत तिच्या कुशीत शिरत असू.

एका दिवाळीला मी माझा फाया तिच्या कानाशी नेला. तिने माझा हात धरला, फाया हुंगला आणि म्हणाली, “यात दगडफूल जरा जास्त पडलं गं.”