सहलीचे साठ रुपये

मी सातवीत होतो तेव्हाची ही गोष्ट. शाळा सुटली की वर्गातली तीन मुलं माझ्यासोबत घरी यायची. नुसतं बरोबर चालायचं, बाकी काही नाही. वाटेत एसटी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ती आत शिरायची, मी दाराशी उभा राहून बघायचो. पंधरा दिवसांनी मीही आत, त्यांच्याच बाकावर बसलेलो!

पुढे डी.एड.ला असताना माझ्या खोलीतल्या ख्रिस्ती मित्राने मला मराठी बायबल वाचायला दिलं. त्यात १५० स्तोत्रं आहेत. वाईट संगतीपासून दूर राहणारा माणूस सुखी, असं पहिल्याच स्तोत्रात येतं. ते तर आपली आजीही सांगते. मी दचकलो ते त्यातली क्रियापदं पाहून. आधी चालणं, मग उभं राहणं, शेवटी बसणं. (मास्तरला असं काहीतरीच दिसतं म्हणा!) अगदी माझाच क्रम होता तो.

त्याच बायबलात 'नीतिसूत्रे' नावाचं पुस्तक आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात बाप मुलाला सावध करतो. वाईट लोक तुला लुटीची लालूच दाखवतील, सगळ्यांची मिळून एकच थैली ठेवू म्हणतील, पण तू त्यांच्या वाटेला जाऊ नकोस, असं तो बजावतो.

आमचीही थैली एकच होती बरं का! फक्त तिच्यात पैसे माझे असायचे. आधी खाऊचे गेले, मग सहलीचे साठ रुपये. "पुढच्या आठवड्यात देतो की," ते म्हणाले. खरं सांगू? मला कुणी धाक दाखवला नव्हता. मला त्यांच्यात राहायचं होतं, एवढंच.

सहलीच्या दिवशी आईने पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या करून दिल्या. मी शाळेजवळच्या चिंचेच्या झाडामागे लपलो. गाडी निघाली. खिडकीत ते तिघे! त्यांनी आपापले पैसे वेळेवर भरले होते.

दिवसभर मी ओढ्याकाठी बसून काढला. पुऱ्या काही गिळवेनात. संध्याकाळी आईने विचारलं, "धरण कसं होतं रे?" मी पाणी, दरवाजे, सगळं रंगवून सांगितलं. आजही पाहुणे आले की ती कौतुकाने सांगते, "याला लहानपणी ते धरण फार आवडलं होतं."

हा अंक आमच्या घरी दर आठवड्याला येतो. मुलांच्या आधी आईच तो वाचते.