भांडायला जागा हवी

आई दुकानात उत्तम भांडते. कुकरची शिट्टी नीट बसत नसेल तर कुकर घेऊन थेट गल्ल्यासमोर उभी राहते आणि बदलून मिळेपर्यंत हलत नाही. पण गेल्या वर्षी एका ॲपवरून मागवलेल्या मिक्सरचं भांडं पहिल्याच वाटणाला गळायला लागलं, तेव्हा तिला उभं राहायला जागाच नव्हती. चॅटवरचा बॉट 'क्षमस्व' म्हणत राहिला. विक्रेता दुसऱ्या राज्यातला. "सोलापूरहून तिकडं कोण जाणार?" म्हणत आईने मिक्सर माळ्यावर टाकला.

अशा व्यवहारात विक्रेत्याला अंतराचाच आधार असतो. २,८०० रुपयांसाठी कोणी हजार किलोमीटर जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली एक तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्याच जिल्हा आयोगात दाद मागता येते. १९८६च्या कायद्यात समोरच्याचा पत्ता किंवा व्यवहार कुठे घडला, यावर ते ठरायचं. आता आईसाठी आयोग सोलापुरातलाच. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची.

त्याआधीची पायरी २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात तक्रार सोडवायची. मी फोटो, ऑर्डर क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडून त्या अधिकाऱ्याला मेल केला, शिवाय १९१५ या हेल्पलाइनवर नोंद केली. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीपुढे ठेवते; आदेश द्यायचा तो आयोगानेच. आमच्यावर तिथवर जायची वेळ आली नाही. एकोणिसाव्या दिवशी पैसे परत आले.

"पैसे आले, पण कुणी बोललंच नाही," आई म्हणाली.

मला वेगळंच खटकत होतं. त्या अधिकाऱ्याचं नाव ॲपवर होतं, नियमच तसा आहे. पण ते शोधायला मला पार तळापर्यंत स्क्रोल करावं लागलं. तिथली अक्षरं आईला चष्म्यानेही वाचता येत नव्हती. 'आता खरेदी करा' हे बटण मात्र सारखं अंगठ्याखालीच होतं.