दोनशेच्या पलीकडची ऋतुजा

होस्टेलवर टेनिस म्हणजे जोकोविच नाहीतर अल्कराझ! दोनशेच्या पलीकडचा नंबर कोण बघतो? मी बघते. तिचं नाव ऋतुजा भोसले.

ही मराठी मुलगी अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली, त्यांच्या टीमकडून खेळली. एकेरीत तिचा सर्वोत्तम क्रमांक 244, तोही 2023 साली. ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये जागा 128! त्याखाली आयटीएफच्या स्पर्धा. सगळ्यात लहान स्पर्धा 15,000 डॉलरची, आणि ही रक्कम एकटीला नाही हं, सगळ्याजणींत वाटायची. विमान, हॉटेल, कोच... हिशेब तुम्हीच करा.

मग आला 30 सप्टेंबर 2023. हांगझोऊ एशियाड, मिश्र दुहेरीची फायनल. जोडीला 43 वर्षांचा रोहन बोपण्णा, समोर चायनीज तैपेई. पहिला सेट 2-6 गेला. दुसरा 6-3, सुपर टायब्रेक 10-4. सुवर्णपदक!

पण दुहेरीचं यश एकेरीच्या क्रमांकात धरत नाहीत.

प्लेसमेंटची यादी लागली की चिंचणीच्या किनाऱ्यावर तोंड पाडून बसणाऱ्यांनो, आपल्या याद्याही एकेरीच्याच असतात. कुणाच्या जोडीला उभं राहिलं की आपण जिंकतो, हे त्यांत कुठे लिहिलेलं असतं?