ओली सुपारी

नाताळच्या सुटीत मी दिवेआगरास घरी गेलो होतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने आमच्या वाडीतील बहुतेक पोफळी मोडून पाडल्या. नव्या रोपांस फळ धरण्यास कित्येक वर्षे लागतात. वाचलेल्या थोड्या झाडांची सुपारी अंगणात वाळत घातली होती. बाजारास जाताना आजोबा म्हणाले, "आभाळ भरून आले आहे. थेंब पडला की सुपारी आत घे हो."

मी ओटीवरच बसलो होतो; परंतु हाती मोबाईल होता व एकामागून एक चित्रफिती आपोआप पुढे येत होत्या. पाऊस आला आणि गेला. मजला कळलेही नाही. महिनाभराचे ऊन वाया गेले. भिजलेली सुपारी मुठीत घेऊन आजोबांनी एवढेच विचारले, "पाऊस वाजला नाही का रे?" त्यापेक्षा छडीचा मार पुरवला असता!

अपराध माझा की त्या यंत्राचा? हाच प्रश्न अमेरिकेतील न्यायालयांपुढेही गेला. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथील ३३ राज्यांनी मेटा कंपनीवर दावा लावला. मुलांचे चित्त सुटू नये म्हणूनच न संपणारी पाने व वारंवार वाजणाऱ्या सूचना योजिल्या, असा त्यांचा आरोप. कंपनीने तो नाकारिला. इकडे उद्योग थांबत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरले, आणि आता यंत्र मित्राप्रमाणे बोलू लागले आहे. अशाच एका बोलक्या यंत्राच्या निर्मात्यांवर, पुत्र गमावलेल्या फ्लोरिडातील एका मातेने ऑक्टोबर २०२४ मध्ये दावा केला.

मग आपण निकालाची वाट पाहावी काय? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ती पाहिली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथे ठराव झाला: सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावा, आणि दीड तास घरोघर मोबाईल व दूरचित्रवाणी बंद राहावी. विशेष हा की, नियम केवळ मुलांस नव्हे, वडील माणसांसही होता.

आमच्या घरी भोंगा नाही. दिवेलागणीस मी आपला मोबाईल फडताळात ठेवितो. बाबांचाही तेथेच असतो. मग आजोबांजवळ सुपारी सोलावयास बसतो. प्रथम काही दिवस हात शिवशिवत असत. आता आजोबांच्या गोष्टी ऐकू येतात. निर्मात्यांचा दोष न्यायाधीश ठरवोत. परंतु अंगणातील सुपारी माझ्या स्वाधीन केली होती, हे मी विसरू शकत नाही.