ग्रुप प्रोजेक्टमध्ये डोकं कुणाचं आणि हात कुणाचे?

मॅनेजमेंटच्या कॉलेजांमध्ये सध्या 'कृतीतून शिक्षण' या शब्दांचा मोठा बोलबाला आहे. ऑपरेशन्स मॅनेजमेंट म्हणजे माल, माणसं, यंत्रं आणि वेळ यांची सांगड घालून काम पार पाडण्याचं शास्त्र. ते फळ्यावर शिकवून येत नाही, म्हणून विद्यार्थ्यांचे गट करा, त्यांना गोदामात, वर्कशॉपमध्ये, कॅन्टीनमध्ये पाठवा, असं सांगितलं जातं. ते खरंही आहे. पण त्या गटात कोण कोणतं काम करतो, हे कुणी विचारतं का? आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

उत्तर नागपूरच्या एका वस्तीतल्या विहारात आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. बीबीए, एमबीए, पॉलिटेक्निकची मुलंमुली येतात. त्यातल्या एकाच्या कॉलेजातला प्रोजेक्ट आम्ही जवळून पाहिला. गोदामातल्या मालाची मांडणी हा विषय होता. आमचा मुलगा तीन दिवस गोदामात उभा राहिला, खोके मोजले, फोटो काढले, झेरॉक्स आणि स्पायरल बायंडिंगही त्यानेच केलं. तक्ते बनवले दुसऱ्यांनी आणि सर्वांसमोर बोलले तिसरे. कारण काय, तर 'तुझं इंग्रजी तेवढं नाही ना'. मार्क सगळ्यांना सारखे मिळाले. पण नोकरीच्या मुलाखतीत 'ही मांडणी का निवडली?' असं विचारल्यावर तो गप्प बसला. निवडताना त्याला कुणी विचारलंच नव्हतं!

आम्ही समाजशास्त्र शिकलेली माणसं. आम्हाला यात योगायोग दिसत नाही. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच, तीही उतरंडीने केलेली विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं. विचार करणारे वर आणि राबणारे खाली, हीच ती रचना. गंमत अशी की आधुनिक व्यवस्थापनशास्त्राची सुरुवातही याच वळणाने झाली. फ्रेडरिक टेलरने १९११ च्या आपल्या पुस्तकात कामगाराच्या हातातला विचार काढून नियोजन खात्याकडे सोपवला. पुढे जपानमध्ये टोयोटाने वेगळा रस्ता धरला. दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढून लाइन थांबवायची, कारण काम करणाऱ्यालाच कामातली अडचण आधी कळते. आज जगभरच्या वर्गात टोयोटा शिकवतात, पण आपल्या वर्गातल्या गटात मात्र दोरी ओढण्याचा अधिकार ठरावीक घरच्या मुलांकडेच राहतो.

म्हणून आम्ही अभ्यासिकेत आमचा स्वतःचा प्रोजेक्ट घेतला. विषय निवडला १४ एप्रिलच्या भोजनदानाचा. बाराशे माणसं, दोन तास, वर नागपूरचं ऊन. मुलांनी पहिला हिशेब केला. दोन तासांचे ७,२०० सेकंद भागिले १,२०० माणसं, म्हणजे दर सहा सेकंदांना एक ताट पुढे सरकलं पाहिजे, मिनिटाला दहा. मग आदल्या रविवारी विहारात रंगीत तालीम झाली. रांग तुंबली. लॅपटॉपवाल्या मुलांचं म्हणणं पडलं की मसालेभात वाढणारे आणखी दोघे उभे करा.

तेव्हा लग्नसराईत केटररकडे वाढप्याचं काम करणारा आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "भातापाशी काहीच अडत नाहीये. पाण्यापाशी अडतंय." स्टॉपवॉच लावलं. एका नळाच्या जारमधून पेला भरायला बारा सेकंद लागत होते, म्हणजे मिनिटाला पाचच माणसं. मागून दहा येणार आणि पुढून पाच सुटणार, तर अर्ध्या तासात दीडशे माणसं उन्हात अडकणार. यालाच पुस्तकात बॉटलनेक म्हणतात. त्याच्या आधी किंवा नंतर कितीही माणसं वाढवली तरी रांग वेगाने सरकत नाही. मुलांनी भरलेले पेले वेगळ्या टेबलावर, रांगेच्या बाहेर मांडले. वाढपी एकही वाढवावा लागला नाही.

त्यानंतर जॉन लिटल यांचा १९६१ मध्ये सिद्ध झालेला नियम त्याच मुलाने फळ्यावर समजावून सांगितला. आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. मिनिटाला दहा माणसं आणि रांगेत शिरल्यापासून ताट घेऊन बाहेर पडेपर्यंत चार मिनिटं, म्हणजे एका वेळी रांगेत चाळीस माणसं. तेवढ्या रांगेपुरतं कापड वर बांधलं की कुणीही उन्हात राहत नाही. जे ज्ञान त्याच्याकडे कित्येक लग्नांतून आधीच होतं, त्याला त्या दिवशी नाव आणि सूत्र मिळालं. आणि सांगायची जागाही मिळाली.

आता एक आक्षेप येतो आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. वस्तीतले ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतात, "आपल्या पिढ्यान्‌पिढ्या हातानेच राबल्या. पोरांना पुन्हा हातकामच शिकवता काय?" ही शंका अनुभवातून आलेली आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी अशी योजना आणली होती, की मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकायचा. पेरियारांनी तिला कुलधंद्याचं शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. विरोध योग्यच होता, कारण तिथे मुलाचं काम जन्माने ठरत होतं.

आमच्या प्रोजेक्टमध्ये काम पाळीने ठरतं. फरक हाच आहे आणि तो मोठा आहे. स्टॉपवॉच, वही, ओझं आणि बोलणं ही चारही कामं प्रत्येकाला आलटून पालटून करावी लागतात. गट बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपलं निरीक्षण एका पानावर लिहायचं. सादरीकरण कोण करणार, ते चिठ्ठी टाकून ठरतं, म्हणून सगळ्यांनाच तयारी करावी लागते. आणि कांदे चिरायला मुलीच बसणार नाहीत, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. ब्राह्मणी व्यवस्थेला शिव्या द्यायच्या आणि आपल्या स्वयंपाकघरात तीच उतरंड चालवायची, हे आम्हाला मान्य नाही.

हे शास्त्र आपल्याला परकंही नाही. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत हजारोंचा समुदाय जमला, पण गावचं पाणी बंद होतं. संयोजकांना चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. डिसेंबरच्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. गावचे दुकानदार माल देईनात, म्हणून धान्यसामग्री बाहेरून आणावी लागली. जागा, पाणी, पुरवठा, माणसांची शिस्त हे सगळं बहिष्कार झेलत उभं केलं गेलं. महाडची भाषणं आपण वाचतो. त्यामागचं नियोजनही तितक्याच बारकाईने वाचलं पाहिजे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंच्या गर्दीत पाणी, जेवण आणि पुस्तकांचे स्टॉल सांभाळणारे आपले स्वयंसेवक हेच काम करतात. त्यांच्यापैकी किती जण ते आपल्या बायोडेटात लिहितात?

तेव्हा मित्रांनो, कॉलेजातल्या आपल्या विद्यार्थी संघटनांनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. गट मैत्रीवर न बनता चिठ्ठीने बनावेत, कारण मैत्रीचे गट बहुतेक वेळा जातीचेच गट असतात. प्रत्येक विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा वेगळी व्हावी. आणि अहवालात कुणी काय केलं, हे नावानिशी लिहिलं जावं. यासाठी कॉलेजला एक रुपयाही खर्च येत नाही.

आणि जिथे विहार आहे, तिथे येत्या जयंतीपूर्वी पाच-सहा मुलामुलींचा एक गट करा. एक घड्याळ, एक वही द्या. रांग कुठे अडते, ते त्यांना शोधू द्या. शोधल्यावर ते त्यांच्याच तोंडून ऐका.

जयभीम!